हळदीखालचा रंग

यंत्र सुरू झालं — घर्रर्र — आणि पार्लरच्या मागच्या भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन आदळलं.

मयूरीनं दचकून कळ बंद केली. पलीकडून टापांचा आवाज आला, बादली घरंगळल्याचा आला आणि मग एका पुरुषाचा.

"ओऽऽ... बस, बस. कोनी नही शे. मन्ही मैना शे ना तू? मंग भिवाचं कसाले?"

इतक्या मऊ आवाजात सारंगखेड्यात कुणी कुणाशी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्यातून दत्ताच्या यात्रेचे दिवस. घोड्यांची पालं थेट तिच्या पार्लरच्या मागपर्यंत आलेली, भोंगे, पाळणे, धूळ. या दिवसांत गावात सगळे ओरडूनच बोलत. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरून डोकावली.

एक तांबडी घोडी कान मागे टाकून थरथरत उभी होती. खुंटा उपटून आलेला. तिच्या मानेला गाल लावून एक तरुण उभा होता. खांदे असे रुंद, की शर्टाच्या शिवणी कशा टिकल्या याचंच नवल. त्यानं वर पाहिलं.

"तुमचं होतं का ते?"

"काय?"

"ते... गिरणीसारखं."

"यंत्र आहे. फवाऱ्याचं."

"कपाशीवर मारायचं?"

"नाही. माणसांवर."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. मयूरीला वाटलं, आपणही हसायला हवं, पण तोवर उशीर झाला होता. ती नुसतीच बघत राहिली होती.

"घोडीला लागलं का हो?" तिनं घाईनं विचारलं.

त्यानं खाली वाकून घोडीच्या मागच्या पायावरून हात फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला. मग मान वर करून स्टुलावर टाचा उंचावून उभ्या असलेल्या मयूरीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही झालं. तुम्ही चालवा तुमचं."

"ती परत घाबरेल."

"आम्ही तिकडे जातो, बाभळीखाली. इथं काय... सावलीच नाही."

सावली चांगली होती. कडुनिंबाचं झाड अख्खं त्याच्या डोक्यावर होतं. पण हे मयूरीच्या लक्षात आलं तेव्हा तो घोडीला घेऊन निघून गेला होता.

मयूरी मूळची कोरीटची. वडील रूपचंद पाटील केळी-कपाशीचे शेतकरी, आणि मुलीनं नोकरी करावी असं वाटणारे. तिनं मात्र सुरतेला मावशीकडे राहून पार्लरचं काम शिकलं, आणि दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या रस्त्यावर खोली भाड्यानं घेऊन पाटी लावली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, फक्त महिलांसाठी.

ज्या महिला येत, त्यांना एकच हवं असे, दोन शेड उजळ. सुरतेला मात्र तिनं उलटा प्रकार पाहिला होता. परदेशातून लग्नासाठी आलेल्या गोऱ्यापान मुली पैसे मोजून अंगभर रंग फवारून घेत आणि गव्हाळ होऊन आरशात स्वतःवरच खूश होत. मयूरीनं ते काम मन लावून शिकून घेतलं. निघताना जुनं यंत्र आणि तीन बाटल्याही विकत घेतल्या. सारंगखेड्यात आल्यावर यंत्र जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेलं. नंदुरबार जिल्ह्यात सावळं व्हायला कोण येणार?

यंदा आत्येभाऊ धर्मेंद्र आला. त्याची व्यायामशाळा होती. यात्रेत तो शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवायचा.

"अकरा पोरं आहेत, मयू. मोठ्या गावातले स्पर्धक अंगाला रंग लावून येतात. आमची पोरं वर्षभर अंडी खातात, घाम गाळतात, आणि दिव्यांखाली उभी राहिली की भाकरीसारखी सपाट दिसतात. तुझं यंत्र काढ."

"पाटीवर महिलांसाठी लिहिलंय, दादा."

"पाटीवर गोणपाट टाक."

गोणपाट टाकलं गेलं. पार्लरमध्ये हाताखाली काम करणाऱ्या शोभाबाई पहाऱ्याला म्हणून दारात खुर्ची टाकून, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. "कपाशीवर फवारनी दखी," त्या म्हणाल्या, "मिरचीवर दखी. आते पोऱ्यांवर बी दखसू!"

गुरुवारी धर्मेंद्र पोरांना घेऊन आला. पोरं लाजून एकमेकांच्या मागं लपत होती. सगळ्यांत मागं, दाराच्या चौकटीत मावत नसलेला, तो उभा होता. कालचा. घोडीवाला.

"हा ललित," धर्मेंद्र म्हणाला. "मोतीलालकाकांचा. सगळ्यांत भारी अंग याचंच. आणि सगळ्यांत हट्टीही हाच."

मयूरीनं एकेकाचं मनगट उजेडात धरून पाहिलं. पोरं विचारू लागली, नाडी बघतेस का ताई?

"शिरा बघते. वरचा रंग सगळ्यांनाच दिसतो. खाली आणखी एक रंग असतो. कुणाच्या कातडीखाली पिवळट छटा असते, कुणाच्या तांबूस. पिवळट असेल त्याला ही जांभळ्या झाकेची बाटली. जांभळा पिवळ्याला मारतो, नाहीतर माणूस गाजर दिसतो. तांबूस असेल त्याला हिरव्या झाकेची. आणि मधल्याला तिसरी. बाटली चुकली की सगळंच चुकलं."

"बरोबर आहे," दारातून आवाज आला. "नुकऱ्यासारखं."

सगळ्यांनी मागं पाहिलं. ललित स्वतःच बोलला होता आणि आता कानापर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे... दोन पांढरे घोडे शेजारी उभे केले तर सारखेच दिसतात. पण एकाची कातडी खाली गुलाबी असते, तो नुकरा. दुसऱ्याची काळी. केस बघून कळत नाही. आम्ही कानामागं बघतो. तिथं ना ऊन लागतं, ना खरारा, ना कुणाचा हात. कानामागं कातडी खोटं बोलत नाही."

मयूरीनं सुरतेत सहा महिने घालवले होते, पण हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "मग या, बघू तुमच्या कानामागं."

पोरं हसली. ललित एक पाऊल मागं सरकला. "मला नको. आमच्या घरी रंग चालत नाही."

का चालत नाही, ते त्यानं शुक्रवारी दुपारी सांगितलं. एकटाच आला होता, जाड स्वेटर घालून, हातात गुळाच्या शेवेचा वर्तमानपत्रातला पुडा. पुडा ठेवून हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"ही कशाला?"

"यात्रेत मिळते म्हणून."

"मलाही माहीत आहे यात्रेत मिळते."

"मग... तुम्हाला आवडते का ते बघायला."

शोभाबाईंनी शेंग सोलता सोलता घसा खाकरला.

त्याचे काका, ललित सांगू लागला, याच यात्रेत घोडा विकायला आले होते. घोड्याच्या कपाळावर डाग होता, तो त्यांनी रंग लावून झाकला. विकत घेणाऱ्यानं घोडा तापीत धुतला आणि डाग वर आला. त्यानंतर सात वर्षं त्यांच्या पालापुढे एक गिऱ्हाईक थांबलं नाही. बाबा तेव्हा तरुण होते. सात वर्षं त्यांनी ती मान खाली घालून काढली. त्या दिवसापासून घरात रंग बंद. घोडीच्या खुराला साधी चकाकी लावलेली चालत नाही.

"मग आज का आलात?"

"बाबांनी सांगितलंय, यंदा पहिला आलास तर रस्त्याकडची शेड तुझी, काढ व्यायामशाळा. नाहीतर काठियावाडला मामाच्या तबेल्यावर जायचं. कायमचं. गेल्या वर्षी पाचवा आलो. पंच म्हणाले, अंग आहे, पण दिसत नाही."

"काठियावाड लांब आहे," मयूरी म्हणाली.

"लांबच आहे."

"मग जाऊ नका."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं घाईनं बाटल्यांची झाकणं पुसायला घेतली, जी पुसलेलीच होती.

"तुम्ही लपवायला रंग लावत नाही ना," ललित हळूच म्हणाला. "आहे ते दिसावं म्हणून लावता. असं मी कालपासून स्वतःला समजावतोय. पटतं की नाही, उद्या सकाळी कळेल."

"उद्या सकाळी दहाला. अंगाला तेल नको. आणि रंग लागला की आठ तास पाणी नको, घाम नको."

"आणि मैनाला भेटायला?"

"लांबून."

"ते अवघड आहे," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "लांबून बघणं."

तो गेल्यावर शोभाबाई म्हणाल्या, "पोरी, ती शेव माले पन दे. का ती बी फक्त महिलांसाठी शे?"

शनिवारी सकाळी मयूरीनं केसांत अबोलीचा छोटा गजरा माळला. शोभाबाईंनी तो पाहिला आणि आपली खुर्ची जरा आत ओढून घेतली.

ललित आला. स्वेटर काढून ठेवला, बनियन काढलं, आणि मयूरीनं मनगटासाठी हात पुढं केला. त्यानं आपलं मनगट तिच्या तळव्यावर ठेवलं. जड, उबदार. ती शिरा बघायला वाकली आणि...

नखांच्या कडा पिवळ्या होत्या. बोटांच्या पेरांत पिवळं. मनगटाच्या रेघांत पिवळं, पार कोपरापर्यंत चढत गेलेलं. धुऊन फिकं झालेलं, तरी ओळखू येणारं.

"अगं माय!" शोभाबाई मागून वाकल्या. "या पोऱ्याले तर हळद लागनी! लगीन शे का रे तुन्हं?"

ललित हसून काही बोलणार, तेवढ्यात मयूरी म्हणाली, "तोंड बंद ठेवा. रंग तोंडात जाईल."

"पण मी—"

"डोळेसुद्धा मिटा."

मार्गशीर्षातली लग्नं चालू होती. रोज दोन वराती दारावरून जायच्या. त्यातल्या एका घोडीवर हा बसणार, यात नवल काय होतं? मग ते काल काय होतं? गुळाची शेव. लांबून बघणं अवघड. असं बोलून माणूस आपल्या हळदीला जातो, आणि आपण इथं गजरा माळून बसतो.

तिला काम संपवायचं होतं. लवकर. मनगटावर पिवळं दिसत होतं, तिनं पिवळटाची बाटली उचलली. जांभळ्या झाकेची. यंत्र घरघरलं. खांदे, पाठ, दंड — ती हातभर अंतरावरून फवारत गेली आणि एकदाही तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ललित डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, शहाण्या मुलासारखा उभा होता.

"झालं. उद्या दुपारी या, दुसरा हात देते."

"शोभाबाई म्हणाल्या ते—"

"पुढच्याला पाठवा."

तो गेला. गजरा तिनं दुपारीच काढून टाकला.

रविवारी दुपारी ललित दारात उभा राहिला आणि मयूरीच्या हातातला कंगवा खाली पडला.

बाकीची दहा पोरं तांब्याच्या भांड्यांसारखी झळकत होती. ललित भरताच्या वांग्यासारखा दिसत होता. शिळ्या. छातीवर राखाडी, पाठीवर जांभळट, मानेशी दोन्हींचं मिश्रण. त्याच्या घरचा आरसा तळहाताएवढा. त्याला अजून काही कळलेलं दिसत नव्हतं.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

स्पर्धा सहाला होती. चार तास. मयूरीच्या मनात आलं, वरून एक गडद हात मारला तर? दिव्यांखाली कदाचित खपून जाईल. कुणाला कळणार आहे? धर्मेंद्रदादाला नाही. याला तर नाहीच... मग तिला तो डाग आठवला, तापीच्या पाण्यात वर आलेला.

"बसा," ती म्हणाली. "चुकलंय. माझ्याकडून."

तिनं मोठा आरसा समोर धरला. ललितनं स्वतःला पाहिलं. आरशातल्यानंही त्याला पाहिलं.

"हे तर... भरीत झालं."

"तुमची कातडी पिवळट नाहीच. तांबूस आहे. मी मनगट बघितलं आणि त्यावर हळद होती. मला दिसली होती ती हळद. तेव्हा कानामागं बघायला हवं होतं. तुम्हीच तर सांगितलं होतं. मी बघितलं नाही."

"का?"

शोभाबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोलून थांबली.

"हळद दिसल्यावर..." मयूरीचा आवाज बारीक झाला. "मग मला बघावंसं वाटलं नाही."

"हळदीनं तुमचं काय बिघडवलं?"

"तुमचं लग्न आहे ना."

"माझं?"

"हळद लागलीय."

ललित तिच्याकडे बघत राहिला. मग आपल्या हातांकडे. मग पुन्हा तिच्याकडे — आणि त्या वांग्याच्या रंगातूनही त्याचा चेहरा उजळत गेला.

"ही मैनाच्या पायाची हळद आहे. त्या दिवशी यंत्राला भिऊन तिचा पाय मुरगळला. शुक्रवारी संध्याकाळी सूज चढली. तेव्हापासून हळद-तेल गरम करून चोळतोय."

"पण मी विचारलं होतं! तुम्ही म्हणालात, काही नाही झालं."

"स्टुलावर टाचा उंच करून उभी होतीस," ललित म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. "खरं सांगितलं असतं तर खाली उतरली असतीस."

बाहेर पाळण्याचा भोंगा वाजत होता. शेवटी शोभाबाईंनीच शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"आते दोन्हीजन एकमेकांले दखत बसशात का? आंग धुवा आधी त्यानं!"

मागच्या हौदावर बेसन आलं, लिंबं आली, खायचा सोडा आणि खोबरेल आलं. मयूरीनं पाठ घासायला लूफा दिला, तो दोन मिनिटांत फाटला. ललितनं पालावरून खरारा मागवला, घोड्याचं अंग घासायचा. त्यानं स्वतःची छाती घासायला सुरुवात केली, आणि त्या खराऱ्याच्या शोधातच मोतीलाल तिथं आले.

पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर दोर. जांभळा, बेसनानं फेसाळलेला मुलगा त्यांनी नखशिखांत न्याहाळला.

"हाई काय शे?"

"बाबा, मी—"

"मी सांगते, काका." मयूरी मध्ये आली. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "रंग मी लावला. चुकीचा लावला, घाईत, नीट न बघता. आणि तुमच्या घोडीचा पाय माझ्या यंत्राच्या आवाजानं मुरगळला. यांनी ते मला सांगितलं नाही, म्हणून तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल."

मोतीलाल तिच्याकडे बघत राहिले. घोड्याचे दात बघताना बघतात तसे, घाई न करता.

"आखो काही?"

"नाही. एवढंच."

म्हाताऱ्यानं पुढं होऊन मुलाच्या हातातला खरारा काढून घेतला. "उलटा घासी ऱ्हायना तू. घोडा सांभाळनारा ना रे? केसना दिशेना घास." आणि बाह्या वर करून ते स्वतःच पाठ घासू लागले. ललित मोठ्यानं ओरडला. "गप," मोतीलाल म्हणाले. "मैना बी इतकी कोकलत नही."

बराचसा रंग निघाला. सगळा नाही, मनगटं आणि कोपरं जांभळी ती जांभळीच राहिली.

मग मयूरीनं त्याला कडुनिंबाखाली, चांगल्या उजेडात बसवलं. त्याच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि हलकेच पुढं केली. तिथं ना ऊन पोचलं होतं, ना हळद, ना जांभळा रंग. ओल्या विटेसारखी तांबूस कातडी, आणि तिच्याखाली एक शीर, भराभर उडणारी.

"काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"खोटं बोलत नाही," ती म्हणाली, आणि हिरव्या झाकेची बाटली उचलली.

ललित दुसरा आला.

दिव्यांखाली तो असा दिसला, की मागच्या रांगेतले घोडेवालेसुद्धा उभे राहिले. पण हात वर केले की जांभळी मनगटं वर येत होती, आणि पंचांनी त्यावर बोट ठेवलं. अंग पहिल्या नंबरचं, रंग एकसारखा नाही. एका गुणानं गेला. मोतीलाल गर्दीच्या कडेला उभे होते. निकाल लागल्यावर ते पालाकडे निघून गेले. शब्द दिला होता, तो दोन्ही बाजूंनी पाळायचा, हे ललितला ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी काठियावाडचा ट्रक भरला. चार घोडे चढले. मोतीलाल पुढं चालकाशेजारी बसले.

"माझ्यामुळे गेला पहिला नंबर," मयूरी म्हणाली. तिचे डोळे दोन दिवसांत लाल झाले होते.

"एका गुणानं गेला. तो एक गुण मी दिला, तू नाही. त्या दिवशी पायाचं सांगितलं असतं, तर हळद कुणाची हे तुला कळलं असतं." त्यानं दंडावरचा रंग अंगठ्यानं चोळून पाहिला. "हा रंग किती दिवस टिकतो?"

"आठ दिवस. नीट जपला तर दहा."

"आणि मग?"

"आपोआप उतरतो. खालचा असतो तो राहतो."

"बरं," ललित म्हणाला, जसं काही व्यवहार ठरला. "मैना इथंच राहतेय. या पायानं तिला ट्रकात चढवता येत नाही. सकाळ-संध्याकाळ हळद-तेल लावावं लागेल. मऊ हातानं. आणि जरा बोलावं लागेल तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. ती ऐकते."

ट्रक तापीच्या पुलाच्या दिशेनं गेला. मयूरी धूळ खाली बसेपर्यंत उभी होती.

मग ती रोज सकाळी मैनापाशी बसू लागली. वाटीत कोमट हळद-तेल, मांडीवर घोडीचा जड पाय. पहिल्या दिवशी भीती वाटली, दुसऱ्या दिवशी गंमत, तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. कोरीटच्या केळीबागेचं, सुरतेच्या मुलींचं, आणि एका माणसाचं, ज्याचं नाव न घेताही मैनाला कळत होतं, कान टवकारायची. पार्लरमध्ये येणाऱ्या बायका तिची पिवळी बोटं बघून विचारत, काय गं, ठरलं का? मयूरी म्हणे, घोडीची हळद आहे. बायका हसत. कुणाचाच विश्वास बसत नसे.

आठवा दिवस गेला. रात्री तिनं जेवताना बोटांवर मोजलं आणि मावशीचा फोन उचलला नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती मैनाच्या पायाला शेवटचा हात देत होती. सूज पार उतरली होती. यात्रा उठून गेलेली, मागचं रान मोकळं झालेलं, कडुनिंबाची पानं खाली पडत होती.

"कुणाला हळद लागली वाटतं," भिंतीवरून आवाज आला.

तिनं वर पाहिलं नाही. पाहवेना. "घोडीची आहे," ती म्हणाली.

"असंच सांगतात सगळे."

पार्लरच्या बाजूनं, तिच्याच स्टुलावर चढून, ललित डोकावत होता. स्टूल करकरत होतं. भिंत ओलांडून तो खाली उतरला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. बाह्या वर केल्या. रंग कुठं टिकला होता, कुठं उडाला होता. हातांवर ठिपके, मानेवर पट्टे.

"बघ. नववा दिवस."

मयूरी हसली, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. "अबलख झालास. दुरंगी घोडा."

"अबलखाला गिऱ्हाईक असतं का?"

"खोड नसेल तर."

मागून खाकरल्याचा आवाज आला. मोतीलाल पार्लरच्या मागच्या दारातून आले होते. त्यांनी दोघांकडे बघितलंही नाही. आधी मैनाचा पाय उचलला, सांधा दाबला, खाली ठेवला, घोडीला चार पावलं चालवलं.

"चांगला व्हयना," ते म्हणाले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवत कडुनिंबाखाली बसले. "पोरी, चाळीस वरीस व्हई ग्यात माले घोडा इकता-इकता. सोतानी खोड सोता सांगनारा मानूस माले बजारमा भेटना नही. मन्हा भाऊ बी नही भेटना. तू त्या दिन हौदवर सांगं, तवयपाईन तेच डोकामा शे. काठियावाडले जाईसन बी तेच." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "आनी हाऊ? रोज हात उन्हात धरी दखे, रंग उतरना का म्हनीसन. घोडासले पानी पाजानं बी ध्यान नही."

"बाबा..."

"गप. शेड मी पहिला नंबरले देनार व्हतू. दुसराले देत नही. पन दोन्हीसले मिळीसन देस." ते मयूरीकडे वळले. "कोरीटले तुन्हा बापले फोन करू का? करसू. पन पहिले सांग, आखो काही खोड शे तुन्ही? नंतर सांगशी ते चालाव नही."

मयूरीनं पदरासारखी ओढणी सावरली. खरोखर विचार केला.

"यंत्राचा आवाज फार आहे, काका."

मोतीलालांच्या मिशा हलल्या. "मैनाले सवय व्हई जाई," ते म्हणाले, आणि फोनवर बोलायला पुढच्या दाराकडे गेले. आत शोभाबाई दाराला कान लावून उभ्या होत्या. त्यांना जरा मागं सरकावं लागलं.

कडुनिंबाखाली दोघं उरले, आणि घोडी.

"त्या दिवशी तू विचारलं होतंस," ललित म्हणाला, "माझं लग्न आहे का. मी उत्तर दिलं नव्हतं अजून. तर मला असं म्हणायचं आहे की... म्हणजे तुझी हरकत नसेल तर..."

वाटीत थोडी हळद उरली होती. मयूरीनं तीन बोटं बुडवली आणि त्याच्या अबलख गालावर, कानाच्या अगदी मागपर्यंत, हळूच ओढली.

"तोंड बंद ठेवा," ती म्हणाली. "रंग तोंडात जाईल."